आपण म्हणजे कोण?

बेकरीच्या रांगेत मेट्रनबाई माझ्या पुढे उभ्या होत्या आणि केकवर काय लिहायचं ते सांगत होत्या. मागे वळून मला पाहिलं तसा त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, बरं झालं भेटलात, शुक्रवारी निरोपाच्या कार्यक्रमात तुम्हीच दोन शब्द बोला, इतकी वर्षं तुमच्याच घरात राहिली ती. मी म्हटलं, बोलेन की, पण कॉलेजला निघालेल्या एका पोरीसाठी अख्ख्या हॉस्पिटलने केक कापायचा म्हणजे जरा अतीच होतंय.

"पोरीसाठी कशाला?" मेट्रनबाई म्हणाल्या. "सिस्टरसाठी."

"सिस्टर कुठे चालली?"

"अहो, राजीनामा दिला ना तिने. तिकडेच चाललीय कायमची, मुलीबरोबर." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. माझ्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत राहणारी बाई, जिच्या मुलीचे सगळे अर्ज माझ्या टेबलावरून, माझ्या कॉम्प्युटरवरून गेले, ती बाई गाशा गुंडाळून कायमची निघाली आहे, ही बातमी मला बेकरीवाल्याच्या साक्षीने कळली. मी पाव न घेताच घरी परतले. रस्त्यात कुणीतरी नमस्कार केला असावा. मी कुणालाही ओळखण्याच्या परिस्थितीत नव्हते.

सिस्टरला तिच्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. वॉर्डात सिस्टर, गल्लीत सिस्टर, दूधवाल्यालाही सिस्टर. बायकांच्या सर्जिकल वॉर्डात तिची हयात गेली. ऑपरेशननंतर बाईला पहिल्यांदा पलंगावरून उठवून उभं करायचं काम कुणाचंही असो, शेवटी तिच्याकडेच यायचं. ती पेशंटच्या काखेत हात घालायची आणि म्हणायची, आपण आता पाय खाली सोडू या. आपण आता हळूच उभं राहू या. आपल्याला काही होत नाही. माझं पित्ताशय काढलं तेव्हा मी तिच्याच वॉर्डात होते, तिथेच आमची ओळख झाली. एका सकाळी ती येऊन म्हणाली, आपण आज एनिमा घेऊ. मी म्हटलं, तू घे, मला नको. शेजारच्या पलंगावरच्या बाईला हसून हसून टाके दुखायला लागले आणि आम्ही दोघींनी सिस्टरची बोलणी खाल्ली.

हे 'आपण' तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की मी, तू, तुम्ही हे शब्द तिला लागायचेच नाहीत. पेशंटशी बोलताना आपण म्हणजे पेशंट. मेट्रनशी बोलताना आपण म्हणजे बहुधा ती स्वतः. डॉक्टरांशी बोलताना काय ते देवाला ठाऊक. एकदा एका तरुण सर्जनला ती माझ्यादेखत म्हणाली, "डॉक्टर, आपण टाके जरा लवकरच काढले." तो बिचारा खोलीतून बाहेर पडेपर्यंत विचार करत होता की ही माफी होती की कानउघाडणी. आम्ही सगळे अंदाजाने समजून घ्यायचो. अंदाज सहसा बरोबर यायचा, म्हणून तर कुणी कधी विचारलं नाही.

ती खालच्या खोल्यांत राहायला आली तेव्हा मुलगी तान्ही होती. रडायची अशी की वर माझ्या कपाटाच्या काचा थरथरायच्या. मी तिचं नाव टिटवी ठेवलं, आणि पुढे पाय लांबलचक वाढून तिने ते नाव सार्थही केलं. घरात पुरुष नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं. सिस्टर म्हणाली, टिटवीचे बाबा गेले. मी म्हटलं, अरेरे, कशाने? ती म्हणाली, गाडीने. मी पुढे विचारलं नाही. अपघाताच्या गोष्टी उकरून काढणारी माणसं मला आवडत नाहीत.

टिटवीने बारावीच्या वर्षात जाहीर केलं की ती जहाजं बांधायचं शिकणार. आमच्या गावाला समुद्र तर सोडाच, धड नदीसुद्धा नाही. पावसाळ्यात नाला वाहतो तेवढंच. मी म्हटलं, कशावर चालवणार आहेस? सिस्टर मात्र इस्त्री करता करता शांतपणे म्हणाली, "आपण बांधू जहाजं. कुठे शिकवतात बघू." हे शिक्षण देणारं चांगलं कॉलेज निघालं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन गाड्या बदलून जायच्या गावी.

मग वर्षभर माझं जेवणाचं टेबल त्यांचं ऑफिस झालं. हॉस्पिटलात धोक्याचं औषध देताना दोन नर्सा लागतात, एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने डोळ्यांनी पडताळायचं. सिस्टरने अर्जही तसेच भरून घेतले. टिटवी वाचायची, सिस्टर स्क्रीनवर बोट ठेवून "बरोबर" म्हणायची, मग पुढचा रकाना. फोटो मोठा झाला, सही छोटी झाली, ऐन शेवटच्या पानावर साइट बंद पडली, पासवर्ड विसरला, नवा पासवर्ड जुन्यासारखाच आहे म्हणून नाकारला गेला. माझ्या पिढीने एक कागद भरून पेटीत टाकला की संपायचं. हे म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं होतं. एकदा सिस्टरने कॉलेजच्या ऑफिसात फोन लावून विचारलं, आपल्या प्रवेशाचं कुठवर आलं? पलीकडचा कारकून म्हणाला, बाई, प्रवेश नक्की कोण घेतंय, तुम्ही की मुलगी? टिटवी टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. सिस्टरही हसली. आता वाटतं, त्या कारकुनाला जेवायला बोलावायला हवं होतं. आमच्यात तेवढ्या एकानेच योग्य प्रश्न विचारला.

प्रवेश मिळाला, हॉस्टेलही मिळालं. हॉस्टेलची बातमी ऐकून सिस्टर म्हणाली, असू दे, ते नंतर आपण बघू. घरोघरच्या आया असंच म्हणतात, मग आम्ही तरी त्यावर कशाला थांबू. सामानाची बांधाबांध सुरू झाली. सिस्टरने चादरी दोन जोड घेतल्या, उशा दोन, ब्लँकेटं दोन, ताटंसुद्धा दोन. टिटवी म्हणाली, हा वॉर्डाचा हिशेब, एक अंगावर, एक धुवायला. मलाही पटलं. आणि खोल्यांचं तर विचारूच नका. खालच्या भिंतींना ओल आली होती, रंग द्यायला खोल्या मोकळ्या करून दे म्हणून मी दोन वर्षं तिच्या मागे लागले होते. एका सकाळी जिन्यात भेटून ती म्हणाली, "बाई, महिनाअखेर आपण खोल्या रिकाम्या करू." मी खूश होऊन रंगाऱ्याला फोन केला.

तर मी बेकरीतून परतले ती थेट खाली गेले. टिटवी एकटीच होती, जमिनीवर मांडी घालून बॅगेत पुस्तकं कोंबत होती. मी विचारलं, तुझी आई तिथे किती दिवस राहणार आहे? ती म्हणाली, पोचवेल, दोन-तीन दिवस राहील आणि येईल परत. मी म्हटलं, तिने नोकरी सोडली आहे. ती हसली. म्हणाली, आजी, काहीतरीच काय. मी मेट्रनबाईंचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं.

तिचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच तोंडावर राहिलं आणि वर डोळे मात्र खोलीभर फिरायला लागले. पडदे उतरवलेले होते. कपाट गेलं होतं, त्याच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन उरला होता. मोठी पातेली खोक्यात भरून वर दोरी बांधली होती.

"हे रंगासाठी काढलंय ना?" ती म्हणाली.

"रंग म्हणाले ते मी. ती नुसतं रिकाम्या करू म्हणाली."

आम्ही दोघी सिस्टरची वाट बघत बसलो. चहा करायचंही सुचलं नाही.

सिस्टर दुपारची ड्यूटी संपवून आली. रोजच्यासारखे चपला काढून कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि मग आमच्याकडे पाहिलं. टिटवी उभी राहिली होती.

"आई, तू नोकरी सोडलीस?"

"हो. सांगितलं होतं की."

"कधी?"

"रोजच. आपण तिथे जाऊ, आपण तिथे राहू, सकाळी चालत जाऊ. आणखी कसं सांगतात?"

तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, राग नव्हता, ती खरोखर चक्रावली होती. त्या गावातल्या एका बाळंतिणींच्या दवाखान्यात तिने नोकरी धरली होती, फोनवरून मुलाखत देऊन. कॉलेजच्या फाटकासमोर दोन खोल्या ठरवल्या होत्या. हे तिने लपवून केलं नव्हतं. वर माझ्याच टेबलाशी, आमच्यासमोर, आपण जागा बघितली, आपल्याला काम मिळेल, असं सांगून केलं होतं. आपल्याला काम मिळेल हे वाक्य मला आठवतसुद्धा होतं. मी समजले होते, टिटवीला, जहाजं शिकल्यावर.

"तू सगळ्यांनाच आपण म्हणतेस," टिटवी म्हणाली. तिचा आवाज चढायला लागला होता. "लहानपणी आपण दात घासू या म्हणायचीस, तेव्हा काय तू माझ्याबरोबर दात घासत होतीस?"

"घासत होते," सिस्टर म्हणाली.

खरंच घासत असणार ती, मोरीच्या कट्ट्याशी वाकून, पोरीच्या उंचीला येऊन. दिसतच होतं डोळ्यांसमोर.

मग टिटवी रडकुंडीला येऊन बोलत सुटली. तिला हॉस्टेलात राहायचं होतं. तिला तिथल्या अनोळखी मुलीबरोबर खोली वाटून घ्यायची होती, स्वतःचे कपडे स्वतः खराब धुवायचे होते, उशिरा उठायचं होतं. फाटकासमोर आई खिडकीत उभी असेल तर ते कॉलेज कसलं, ती तर शाळा झाली. सगळी मुलं एकटी जातात. आधी जातात, मग स्थिरावली की घरच्यांना बोलावतात. जगाची रीत आहे.

"तुझे बाबापण असेच गेले," सिस्टर म्हणाली.

"बाबांचा काय संबंध? बाबा वारले."

"वारले असं कोण म्हणालं?"

"तूच."

"गेले, असं सांगितलं तुला. गेलेच ते. गाडीत बसून गेले. दूर कारखान्यात काम मिळालं होतं. आधी एकटा जातो, जागा बघतो, मग बोलावतो, म्हणाले. आपण दोघी गेलो होतो स्टेशनवर. तू कडेवर होतीस."

कशाने गेले? गाडीने. सतरा वर्षं मी या बाईला विधवा समजून तिच्याशी जपून बोलले होते. दुसऱ्या लग्नाबद्दलही एकदा हळूच सुचवलं होतं, तेव्हा ती नुसतीच माझ्याकडे बघत राहिली होती. ध चा मा करायला इतिहासात कुणीतरी निदान मुद्दाम अक्षर बदललं होतं. इथे कुणी काहीच बदललं नव्हतं. तिने सरळ बोलावं आणि आम्ही आमच्या मनाने ऐकावं, एवढंच झालं होतं.

टिटवीचा चेहरा मी पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली. एका क्षणात तिचा बाप मेलेला राहिला नव्हता आणि जिवंतही झाला नव्हता.

"मग कुठे आहेत?" तिने विचारलं.

"माहीत नाही. कारखान्यात चौकशी केली. ते म्हणाले, असा माणूस इथे आलाच नाही. पोलिसांत सांगितलं. गाडीतून कुठे उतरले, उतरले की नाही, काही कळलं नाही." सिस्टर हे तापाचा तक्ता वाचावा तसं सांगत होती. "म्हणून एकटं पाठवायचं नाही, एवढंच."

टिटवी म्हणाली, "मग मी जातच नाही."

सिस्टरने विचार केला. थर्मामीटर उजेडाकडे धरून बघतात तसा, डोळे बारीक करून.

"मग मी एकटी जाईन," ती म्हणाली. "इथली नोकरी दुसरीला दिली. तिथे पहिल्या तारखेला हजर व्हायचंय. बायका काय आपल्यासाठी बाळंत व्हायच्या थांबणार आहेत?"

"मला सोडून?" टिटवी म्हणाली.

एकटीच जाणार म्हणून घर डोक्यावर घेणारी पोरगी, आणि हे तिचे शब्द. मला हसू आलं. चुकीच्या वेळी आलं, दोघींनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून वर गेले.

दुसऱ्या दिवशी मी मेट्रनबाईंना गाठलं. राजीनामा परत घेता येतो का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, वरून मंजूर झाला, जागेवर ज्युनियर बसली, आता केक खायचा तेवढा राहिलाय. मी त्यांना बोलले, तुम्ही तिला एकदा तरी विचारायचं होतं. त्या म्हणाल्या, "विचारलं की. ती म्हणाली, आपण विचार केलाय. आम्हाला वाटलं, घरात सगळ्यांनी बसून ठरवलंय." इथे मी हात टेकले.

घरात अबोला पडला. दोघी एकाच खोलीत, पण बोलणं माझ्यामार्फत. आजी, तिला सांगा अंडं उकडलंय. बाई, तिला सांगा कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून झाल्यात. मी म्हटलं, मी काय पोस्ट आहे? खरं तर मला टिटवीची धास्ती वाटत होती. कॉलेजात हजर व्हायची मुदत तोंडावर आली होती. ती हट्टी आहे, आणि आता तिच्या हट्टाला बापाचं वजन मिळालं होतं. दिवसभर ती खिडकीत बसायची आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या माणसांकडे बघायची, वयस्कर पुरुषांकडे जास्त. एक वर्ष वाया गेलं असतं तर गेलं असतं, पण ती पोरगी त्या खिडकीतच राहिली असती.

शुक्रवारचा कार्यक्रम स्टाफरूममध्ये झाला. मी दोन शब्द बोलले, चार बोलले असतील. सिस्टरला बोलायचा आग्रह झाला तेव्हा ती उठून म्हणाली, "आपण आता निघतोय." ज्युनियर नर्स मागून ओरडली, आपण म्हणजे आम्हीपण का? सगळे हसले. सिस्टर हसली नाही. तिने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच तिला कळत होतं की हा प्रश्न पडू शकतो, आणि ती खाली बसली. टिटवी दारात उभी होती. ती कधी आली मला कळलं नव्हतं.

घरी येऊन सिस्टरने धुतलेल्या चादरी घडी घालायला काढल्या. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. टिटवीने न सांगता दुसरं टोक धरलं. मी दारात उभी होते, आणि जायचं मनात आलं नाही.

"मी आधी जाणार," टिटवी म्हणाली. "एकटी. हॉस्टेलातच राहणार. पोचले की फोन करीन. मग तू यायचं, तुझ्या नोकरीवर. फाटकासमोरच्या खोल्या सोड. दवाखान्याजवळ बघ कुठेतरी."

"ते म्हणाले होते तसंच म्हणतेयस."

"हो. तसंच. फक्त मी फोन करणार आहे."

चादर मधे ताणलेली राहिली. मग ती पुढे आली, आपली टोकं टिटवीच्या टोकांना जुळवली आणि म्हणाली, तुझ्या डाव्या हातातलं नीट धर, कोपरा सुटतोय.

टिटवी एकटी गेली. स्टेशनवर सिस्टरने सूचना केल्या त्या एखाद्या अत्यवस्थ पेशंटचा ताबा देताना करतात तशा, एकही शब्द जास्त नाही. कागद गळ्यातल्या पिशवीत, औषधं बाहेरच्या कप्प्यात, जेवण वरच्या डब्यात. गाडी हलली तशी ती गाडीबरोबर चालली नाही. खांबाला हात लावून उभी राहिली. ठरलं होतं की वाटेत सारखे फोन करायचे नाहीत, डोंगरात तसेही लागत नाहीत. पोचल्यावर करायचा.

ज्या दिवशी सकाळी पोचायची होती त्या दिवशी खाली रंगारी भिंती घासत होते, म्हणून सिस्टर वर माझ्याकडे होती. फोन टेबलावर ठेवून समोर बसली. सकाळ गेली. गाडी उशिरा असेल, मी म्हटलं. दुपारी चौकशी केली, गाडी वेळेवर पोचली होती. टिटवीचा फोन बंद लागत होता. हॉस्टेलचा नंबर लागत होता पण कुणी उचलत नव्हतं. मी घरभर येरझाऱ्या घातल्या, टिटवीला शिव्या घातल्या, कॉलेजला घातल्या, जहाजं शोधून काढणाऱ्या माणसालाही सोडलं नाही. सिस्टर जागची हलली नाही. समोर ठेवलेला चहा तिने प्यायला नाही. एकदाच बोलली. म्हणाली, "तेव्हापण गाडी वेळेवर पोचली होती."

मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

दिवस कलला तेव्हा फोन वाजला. सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं पण हात पुढे केला नाही. मला म्हणाली, बाई, तुम्ही घ्या. मी उचलला. पलीकडून टिटवी दम लागल्यासारखी बोलत होती. आजी, इथे लांबच लांब हौद आहे, त्यात छोटी जहाजं सोडून लाटा करून बघतात, आम्हाला आजच दाखवला, माझ्या खोलीतली मुलगी घोरते म्हणे, तिने आधीच सांगून टाकलं.

"कधी पोचलीस?" मी विचारलं.

"सकाळीच. फोनची बॅटरी गेली होती. मग..." ती थांबली. "मग विसरले."

मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर सिस्टरला सांगितलं की तुझी गुणी मुलगी सकाळीच पोचली आणि फोन करायला विसरली. मला वाटलं, ही आता कोसळणार किंवा भडकणार. ती म्हणाली, "विसरली?"

"विसरली."

"म्हणजे बरी आहे," सिस्टर म्हणाली. तिने फोन घेतला, कानाला लावला, जेवलीस का एवढंच विचारलं, ऐकून घेतलं आणि ठेवला. मग माझ्या दिवाणावर आडवी झाली आणि दिवसाउजेडी, रंगाऱ्यांच्या खडखडाटात, गाढ झोपली. इतक्या वर्षांत मी तिला झोपलेली कधी पाहिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात तिला गाडीत बसवून द्यायला मीच गेले. खिडकीजवळची जागा होती. डब्यात शिरल्यापासून ती इकडेतिकडे बघत होती. डब्याचं दार आतून कसं लावतात, बॅग पायाशी ठेवायची की वर, स्टेशन आलं हे झोपेत कसं कळतं, असं काहीबाही विचारत होती. मला आधी वाटलं, थट्टा करतेय. मग तिच्या कपाळावरचा घाम दिसला. मरणाच्या दारातल्या बायकांना काखेत हात घालून उभी करणारी ही बाई, आणि जन्मात कधी एकटी गाडीत बसली नव्हती.

मी विचारलं, खायला काय घेतलंस? पाणी? तिने पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. टिटवीच्या प्रवासात एक चमचासुद्धा विसरला नव्हता. स्वतःसाठी तिने काहीच बांधलं नव्हतं. तो विचारच तिच्या डोक्यात आला नव्हता.

मी या वयात फलाटावर धावले. स्टॉलवाल्याकडून पाव घेतला, उकडलेली अंडी घेतली, तो सुट्टे पैसे शोधत बसला ते तसेच सोडले, पाण्याची बाटली काखेत मारली आणि मागे फिरले तोवर गाडी हलली होती. खिडकीतून सिस्टरचा हात बाहेर आला होता. पाव आणि अंडी मी तिच्या हातात कोंबली. बाटली द्यायला गेले तोवर खिडकी पुढे सरकली. ती काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. मी ओरडून सांगितलं, पुढच्या स्टेशनवर उतर आणि पाणी घे, गाडी तिथे थांबते.

घेतलं असेल तिने. तहान लागल्यावर घेतं माणूस.